चार ते बावीस फेब्रुवारी

फेब्रुवारी २०२१ चा पहिला आठवडा होता. गोव्यात पालिका निवडणुका तोंडावर आल्या होत्या. सकाळी साडेनऊच्या सुमारास आमच्या शेजारची वहिनी दारात आली, हातात मोबाइल. तिचं घरातच शिवणकाम चालतं. गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबत होती. "टीचर, हें पळयात," म्हणत तिने फोटो पुढे धरला. पालिकेच्या सूचनाफलकावरच्या यादीचा फोटो होता, वाकडा, काचेवर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा आलेला. मी बोटांनी मोठा करून पाहिला. डावीकडे प्रभाग क्रमांक, उजवीकडे आरक्षण. काही क्रमांकांपुढे 'महिला', काहींपुढे 'इतर मागासवर्ग', आमच्या प्रभागापुढे काहीच नाही. म्हणजे सर्वसाधारण.

"आमचो वॉर्ड बायलांचो जावंक ना मगो," वहिनी म्हणाली. आपला वॉर्ड बायकांचा झाला नाही ना.

दोन वर्षं बचत गटाच्या निमित्ताने ती घरोघरी फिरली होती. गटारं, बंद पडलेले दिवे, कचऱ्याच्या गाडीची वेळ हे सगळं तिला तोंडपाठ. यंदा आपला प्रभाग राखीव होणार असं तिने धरूनच ठेवलं होतं. खुल्या जागेवरूनही बाई उभी राहू शकते, असं मी सांगितलं. नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईने सांगावं असंच ते वाक्य होतं. वहिनी हसली आणि मोजपट्टी गुंडाळत निघून गेली.

ज्या पाच शहरांतल्या याद्या पुढे न्यायालयाने रद्द केल्या, त्यांतल्याच एका शहरात आम्ही राहतो. कुठल्या, ते सांगत नाही. आमची गल्ली लहान आहे. पुढच्या पाच आठवड्यांत हे प्रकरण त्या फलकावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निकालातल्या एका परिच्छेदाने देशभरातल्या राज्य निवडणूक आयुक्तांच्या खुर्चीचा नियम पक्का केला. वर्तमानपत्रांनी तो परिच्छेद उचलला, ते बरोबरच होतं. माझ्या वर्गात मात्र मी हे प्रकरण वेगळ्या टोकाने शिकवते. माझ्या लेखी ते कॅलेंडरचं प्रकरण आहे.

आधी पार्श्वभूमी. गोव्यात तेरा नगरपालिका आणि पणजीची एक महापालिका. त्यांतल्या फोंडा आणि साखळी या दोन पालिकांचं वेळापत्रक वेगळं आहे, त्यांच्या निवडणुका २०२३ मध्ये झाल्या. उरलेल्या अकरांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. घटनेचा अनुच्छेद २४३-यू सांगतो की पालिकेची मुदत पाच वर्षांची, आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक झालीच पाहिजे. पण कोविड होता, निवडणूक पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, पालिकांवर प्रशासक बसले. त्याच नोव्हेंबरात राज्य निवडणूक आयुक्ताच्या पदाचा अतिरिक्त ताबा राज्य सरकारच्या कायदा सचिवांकडे देण्यात आला. तेव्हा त्यावर फारसं कोणी बोललं नाही. अतिरिक्त ताबा ही गोव्याच्या प्रशासनातली रोजची गोष्ट; एकेका अधिकाऱ्याच्या दारावर चार-चार पाट्या असतात.

४ फेब्रुवारी २०२१ रोजी पालिका प्रशासन संचालकांनी प्रभागांच्या आरक्षणाचा आदेश काढला. वहिनीने फोटो काढला तो याच आदेशाच्या यादीचा. काही दिवसांतच मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे याचिकांची रांग लागली. तक्रारी अनेक होत्या: अनुसूचित जमातींच्या जागा, इतर मागासवर्गाच्या जागा, आरक्षण फिरतं ठेवण्याचा नियम. सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत जड तक्रार महिलांच्या जागांची होती.

अनुच्छेद २४३-टी म्हणतो, थेट निवडणुकीने भरायच्या एकूण जागांपैकी एक तृतीयांशाहून कमी नाहीत इतक्या जागा महिलांसाठी राखायच्या. 'कमी नाहीत' हे शब्द महत्त्वाचे. मडगाव पालिकेचे प्रभाग २५, मुरगावचेही २५. पंचवीस भागिले तीन म्हणजे ८.३३. शाळेत आपण शिकलो की अपूर्णांक अर्ध्याहून लहान असेल तर सोडून द्यायचा, म्हणून पटकन आठ म्हणावंसं वाटतं. पण पंचविसातले आठ म्हणजे शेकडा बत्तीस, तृतीयांशापेक्षा कमीच. नऊच द्यावे लागतात. वर्गात मी पंचवीस नारळांचं उदाहरण घेते. कुळागरात, म्हणजे बागायतीत, तिसऱ्या हिश्श्याहून कमी मिळणार नाही असा शब्द दिलाय, तर वाटेकरी आठ नारळ घेऊन घरी जाईल का? एकदा एक मुलगा म्हणाला, "मिस, नववा नारळ फोडून तेवढाच तुकडा द्यायचा." नारळ फोडता येतो, नगरसेवक फोडता येत नाही, असं मी म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. गोव्यात हे वाक्य जपूनच वापरायला हवं.

तर हिशेब इतका सोपा होता. मग एवढी घाई, एवढी झटापट कशाची?

इथे अनुच्छेद २४३-झेडजी समजून घ्यावा लागतो, आणि हा भाग मी सावकाश शिकवते. त्याचा सार असा: पालिकेच्या निवडणुकीला निवडणूक याचिकेखेरीज दुसऱ्या कुठल्याही मार्गाने आव्हान देता येणार नाही. कल्पना जुनी आहे. १९५२ साली पोन्नुस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 'निवडणूक' म्हणजे फक्त मतदानाचा दिवस नव्हे. अधिसूचनेपासून निकालापर्यंतची सगळी साखळी त्यात येते, आणि ती साखळी मध्येच तोडायला न्यायालयाने जाऊ नये. कारणही शहाणपणाचं आहे. प्रत्येक अर्ज बाद झाल्यावर कोणी स्थगिती आणू लागला, तर निवडणूक कधी संपायचीच नाही.

आता हे नागरिकाच्या जागेवरून पाहा. यादी लागेपर्यंत आव्हान द्यायला हातात काही नसतं. निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला की दार बंद. निकालानंतर निवडणूक याचिका करता येते खरी, पण ती एका जागेच्या निकालाविरुद्ध. पंचवीस प्रभागांत बायकांना एक जागा कमी दिली, हे दुखणं तिथे कुठे मांडायचं? आणि मांडलं तरी तोवर निम्मी मुदत सरलेली. उरते ती यादी आणि अधिसूचना यांच्या मधली फट. हक्क काय तो तेवढ्या दिवसांत बजावायचा. त्या फटीचं एक टोक सरकारच्या हातात, कारण यादी संचालक काढतात. दुसरं टोक राज्य निवडणूक आयोगाच्या हातात, कारण अधिसूचना आयोग काढतो. ही दोन टोकं वेगवेगळ्या हातांत असावीत, एवढाच तर स्वतंत्र आयोगाचा व्यवहारातला अर्थ. इथे आयोगाच्या खुर्चीत सरकारचाच कायदा सचिव बसला होता.

याचिका उच्च न्यायालयापुढे असतानाच, २२ फेब्रुवारीला, निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला. मतदान २० मार्चला. यादीपासून अधिसूचनेपर्यंत अठरा दिवस. सरकारचा युक्तिवाद तयार होता: आता अधिसूचना निघाली आहे, २४३-झेडजी लागू झाला, न्यायालयाने हात मागे घ्यावा.

त्या अठरा दिवसांत आमच्या गल्लीत काय चाललं होतं? इच्छुकांनी बॅनरवाल्याकडे फोटो देऊन ठेवले होते. वहिनीने दोनदा विचार केला आणि तिनदा सोडला. कोणा वकिलाकडे जावं, असं तिच्या मनातही आलं नाही; माझ्याही आलं नाही, हे कबूल करायला हवं. मी तो फोटो पाहिला, आमच्या प्रभागासमोरची रिकामी जागा पाहिली, पण 'महिला' हा शब्द यादीत किती वेळा आलाय ते मोजलं नाही. वीस वर्षं २४३-टी फळ्यावर लिहिणारी बाई मी. मोजणारे दुसरे कोणी होते म्हणून प्रकरण उभं राहिलं.

१ मार्चला उच्च न्यायालयाचा निकाल आला. मडगाव, मुरगाव, म्हापसा, केपे आणि सांगे या पाच पालिकांपुरता आरक्षणाचा आदेश रद्द. यादी नव्याने करा. सरकार दिल्लीला गेलं, सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला तात्पुरती स्थगिती दिली. आमच्याकडे तेव्हा रोज संध्याकाळी एकच प्रश्न: निवडणूक आहे की नाही? बॅनरवाल्याने पैसे आधी मागायला सुरुवात केली होती.

१२ मार्च २०२१. न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन, भूषण गवई आणि हृषिकेश रॉय यांच्या पीठाने सरकारची अपिलं फेटाळली. निकालाचे दोन भाग वेगळे वाचावेत.

पहिला भाग दाराविषयी. न्यायालयाने २४३-झेडजीची भिंत पाडली नाही. अधिसूचना ते निकाल या काळात न्यायालयांनी सहसा दूर राहावं, हे तत्त्व कायम ठेवलं. पण निवडणूक रोखणं वेगळं आणि ती कायद्याप्रमाणे व्हावी म्हणून मदत करणं वेगळं, हा जुन्या निकालांतला भेद पुन्हा ठसठशीत मांडला. आव्हान न्यायालयापुढे आलेलं असताना घाईने अधिसूचना काढायची आणि मग दार बंद झालं म्हणायचं, हे चालणार नाही. दहा दिवसांत आरक्षणाचा नवा आदेश काढा आणि ३० एप्रिलच्या आत निवडणुका पूर्ण करा, असं बजावलं. म्हणजे निवडणूक थांबली नाही, लांबलीही फारशी नाही. तिची दुरुस्ती झाली.

दुसरा भाग खुर्चीविषयी, आणि इथे निकालाची भाषा तापलेली आहे. अनुच्छेद २४३-के प्रमाणे राज्य निवडणूक आयुक्ताला पदावरून काढायचं तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला ज्या रीतीने आणि ज्या कारणांवरून काढता येतं, तसंच काढावं लागतं. इतकं संरक्षण ज्या पदाला दिलंय, ते सरकारच्या पगारावरच्या अधिकाऱ्याला जोडकाम म्हणून देणं ही घटनेच्या आदेशाची थट्टा आहे, असं न्यायालयाने म्हटलं. मग पूर्ण न्यायासाठी लागेल तो आदेश देण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाला देणाऱ्या अनुच्छेद १४२ खाली देशभरासाठी निर्देश: केंद्राच्या किंवा कुठल्याही राज्याच्या सरकारात पद धारण करणारी व्यक्ती राज्य निवडणूक आयुक्त असू शकत नाही, कुठे असेल तर तिने ताबडतोब पायउतार व्हावं.

कायदा सचिवाचं काम काय, ते लक्षात घेतलं की हे नीट उमगतं. सरकारवर खटला भरला की सरकारने काय बाजू मांडावी, याचा सल्ला त्यांच्या खात्यातून जातो. इथे खटला सरकारच्या यादीवर, आणि त्या खटल्याचं दार ज्या अधिसूचनेने बंद होणार ती काढण्याचा अधिकार त्यांच्याच सहीला. त्या अधिकाऱ्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला काही म्हणायचं नाही. खेळाडूला पंचाची शिट्टी दिली तर तो प्रामाणिकपणे वाजवीलही. समोरच्या संघाने त्यावर विश्वास का ठेवावा?

या निकालावर टीका होऊ शकते, आणि वर्गात मी मुलांना ती करायला लावते. एक मुलगी दरवर्षी विचारते: बाकीची राज्यं या खटल्यात नव्हतीच, त्यांचं म्हणणं न ऐकता त्यांच्या आयुक्तांना पायउतार व्हायला कसं सांगितलं? प्रश्न रास्त आहे. अनुच्छेद १४२ हे हत्यार न्यायालय कधी, कोणासाठी आणि किती लांबवर चालवतं, हा वाद या निकालाच्या आधीही होता आणि नंतरही आहे. माझं मत असं की इथे नियम नवा केलेला नाही, घटनेत होता तो मोठ्याने वाचून दाखवला. तरी त्या मुलीचं समाधान होत नाही, आणि होऊ नये.

दुसरी टीका मला जास्त टोचते. सेवेतला अधिकारी नको, ठीक. पण नेमणूक राज्यपालांच्या सहीने म्हणजे व्यवहारात सरकारच्या पसंतीनेच होते, आणि निवृत्त अधिकाऱ्याला नेमायला या निकालाची काहीच आडकाठी नाही. काल सचिवालयातून बाहेर पडलेला माणूस आज स्वतंत्र. केंद्रीय निवडणूक आयुक्तांच्या नेमणुकीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२३ रोजी पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांची समिती घालून दिली. त्याच वर्षी संसदेने कायदा करून सरन्यायाधीशांच्या जागी केंद्रीय मंत्री बसवला. त्यावर देशभर चर्चा झाली. राज्य आयोगाच्या नेमणुकीवर तशी समिती नाही आणि तेवढी चर्चाही नाही. आणि काढून घ्यायची कठीण असली तरी खुर्ची द्यायची किती सोपी, हेच तर २०२० च्या नोव्हेंबरात दिसलं होतं.

शिवाय या निकालानंतरही फटीचं पहिलं टोक होतं तिथेच राहिलं. प्रभाग राखीव करण्याचं काम गोव्यात त्या वेळी पालिका प्रशासन संचालकांचं, म्हणजे सरकारचं होतं. आयुक्त कितीही स्वतंत्र असला तरी यादी त्याच्या हातात तयार होऊनच येणार. शेजारच्या महाराष्ट्रात प्रभागरचना राज्य निवडणूक आयोग करत असे; मार्च २०२२ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदा बदलून ते काम सरकारकडे घेतलं. त्याच महिन्यात मुंबई महापालिकेची मुदत संपली, तिथे प्रशासक आला, आणि निवडणुका घ्या असं ठणकावून सांगायला सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२५ उजाडला. गोव्यातला काही महिन्यांचा उशीर त्यापुढे किरकोळ वाटतो. पण दोन्हीकडचं दुखणं एकाच जातीचं आहे: तारीख ठरवणारा हात कोणाचा?

त्या निकालाचा उपयोग झाला का, असं कोणी विचारलं तर मी पंचायतींकडे बोट दाखवते. जून २०२२ मध्ये गोव्यातल्या १८६ पंचायतींची मुदत संपत होती, आणि पावसाळ्याचं आणि मागासवर्गीय आरक्षणाचं कारण पुढे करून निवडणूक लांबणीवर टाकण्याचा बेत होता. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २८ जूनला आदेश दिला: पंचेचाळीस दिवसांत निवडणुका घ्या. १० ऑगस्टला, आषाढ सरून श्रावण लागलेला असताना, गावोगाव छत्र्या घेऊन लोकांनी मतदान केलं. तोवर न्यायालय पणजीतल्या आल्तिनोच्या टेकडीवरून पर्वरीच्या नव्या इमारतीत गेलं होतं. त्या इमारतीचं उद्घाटन २७ मार्च २०२१ चं, म्हणजे आपल्या निकालानंतर पंधराच दिवसांनी. योगायोग, पण तारखा लक्षात ठेवायला बरा पडतो.

पुन्हा २०२१. पेडणे, डिचोली, वाळपई, काणकोण, कुंकळ्ळी, कुडचडे-काकोडा या सहा पालिका आणि पणजी महापालिका यांचं मतदान ठरल्याप्रमाणे २० मार्चला झालं. आम्हा पाच शहरांची पाळी २३ एप्रिलला आली. मधल्या महिन्यात कोविडची दुसरी लाट गोव्यात येऊन थडकली होती. मतदान केंद्रावर हातमोजे वाटले. मागे उभी असलेली म्हातारी माझ्या पदराला धरून खोकत होती आणि मी तोंड फिरवून उभी होते, हे मला आजही आठवतं. आठवडाभरात राज्यात टाळेबंदी लागली. न्यायालयाने घालून दिलेली ३० एप्रिलची मर्यादा पाळली गेली खरी. चूक जर फेब्रुवारीत सरकारनेच सुधारली असती तर आम्हीही २० मार्चलाच मत देऊन मोकळे झालो असतो, हा विचार त्या रांगेत डोक्यातून जात नव्हता.

आणि वहिनी? नवी यादी लागली त्या दिवशी ती पुन्हा फोटो घेऊन आली. या खेपेला मी आधी 'महिला' मोजले, मग आमचा प्रभाग शोधला. संख्या बरोबर होती. आमच्या प्रभागापुढची जागा पुन्हा रिकामी. वाढलेलं आरक्षण दुसरीकडे गेलं होतं.

"मागीर इतलें सगळें कित्याक?" ती म्हणाली. मग एवढं सगळं कशाला?

मी तिला सांगायचा प्रयत्न केला की हक्क प्रभागाचा नव्हता, तुझाही नव्हता, शहरातल्या बायकांचा मिळून होता आणि तो मिळाला. बोलताना मलाच ते पुस्तकी वाटलं. तिने ऐकून घेतलं, कारण ती मला टीचर म्हणते. त्या निवडणुकीत ती उभी राहिली नाही. पलीकडच्या प्रभागात एक बाई निवडून आली, तिच्या प्रचाराला मात्र वहिनी रोज दुपारी जायची, मशीन बंद ठेवून.

२०२१ ला निवडून आलेल्या पालिकांची पाच वर्षं २०२६ मध्ये भरतात, हे मी तिला एकदा बोलता बोलता सांगितलं. तेव्हा ती एका मुलीच्या शाळेच्या गणवेशाला काज करत होती. तिने मला निवडणुकीची तारीख विचारली नाही. मान वर न करता ती म्हणाली, "टीचर, ती यादी खंयच्या दिसा लायतात?" ती यादी कुठल्या दिवशी लावतात?